स्वमग्न मुलांसोबत काम सुरू करताना: नव्या बिहेवियर थेरपिस्टसाठी मार्गदर्शन

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या उपचार केंद्रात 'बिहेवियर थेरपिस्ट' म्हणून रुजू होणारी व्यक्ती बहुधा मानसशास्त्राची नवी पदवीधर असते, विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली शिक्षिका असते, किंवा स्वतःचे स्वमग्न मूल वाढवताना या क्षेत्राकडे वळलेली आई असते. पदाचे नाव भारदस्त असले, तरी पहिल्या पायरीवरचे काम नेमके आणि मर्यादित आहे. वरिष्ठ तज्ज्ञाने आखलेला कार्यक्रम मुलासोबत प्रत्यक्ष राबवायचा, त्यात काय घडले याची नोंद ठेवायची आणि ती नोंद तज्ज्ञापर्यंत जशीच्या तशी पोहोचवायची. निदान करणे, औषधांविषयी मत देणे, कार्यक्रमात परस्पर बदल करणे किंवा मूल पुढे किती प्रगती करेल याचे भाकीत करणे या पायरीच्या कामात बसत नाही. या मर्यादेत कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण केंद्रातील सर्वांमध्ये मुलासोबत जास्तीत जास्त वेळ आपणच असतो आणि तज्ज्ञाचे निर्णय आपल्या निरीक्षणावरच उभे राहतात.

शिकवण्याच्या तंत्रांकडे वळण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ज्या मुलाला बोलता येत नाही ते अंगाने, नजरेने, रडण्याने आणि उठून पळण्याने 'नको' म्हणत असते, आणि ते 'नको' ओळखता येणे ही या कामाची पहिली पात्रता आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक त्यानंतरचा.

पात्रता आणि नोकरीची निवड

भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांची नोंदणी करते, परंतु त्या कायद्याच्या यादीत 'बिहेवियर थेरपिस्ट' असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे ही पाटी लावणाऱ्यांच्या तयारीत फार मोठी तफावत आढळते, आणि नव्याने येणाऱ्याने आपली तयारी स्वतःच कसोटीला लावावी लागते. बारावीनंतर या क्षेत्रात टिकून राहण्याचा विचार असेल, तर परिषदेची मान्यता असलेली, स्वमग्नतेवर भर देणारी विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका हा माझ्या मते सर्वांत भक्कम पाया आहे, कारण त्यात प्रत्यक्ष वर्गातील सराव सक्तीचा असतो आणि पुढे परिषदेकडे नोंदणीही होते.

वर्तनाचे निरीक्षण करून, लहान टप्पे आणि आवडीची बक्षिसे वापरून शिकवण्याच्या पद्धतीला वर्तन विश्लेषण किंवा सर्वांच्या तोंडी असलेले 'एबीए' म्हणतात; तिच्या पहिल्या पायरीसाठी जगभर साधारण ४० तासांच्या प्रशिक्षणाची पद्धत रूढ झाली आहे. अमेरिकेतील वर्तन विश्लेषकांच्या प्रमाणन मंडळाने (बीएसीबी) २०१४ मध्ये 'रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन' (आरबीटी) ही पातळी सुरू केली. तिच्यासाठी किमान १८ वर्षे वय, शालेय शिक्षण पूर्ण, ४० तासांचे प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी आणि शेवटी परीक्षा असा क्रम असतो, आणि काम सुरू झाल्यावर दरमहा कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के वेळ वरिष्ठांच्या देखरेखीखाली जावा लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी स्त्रियांना हा मार्ग उपयोगी पडू शकतो. मात्र १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने मोजके देश वगळता बाहेरून येणारे अर्ज घेणे थांबवले आहे. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसून 'आमच्या कोर्सनंतर तुम्ही आरबीटी व्हाल' अशी जाहिरात वाचली, तर पैसे भरण्यापूर्वी मंडळाचे चालू नियम स्वतः तपासावेत. भारतातून घेता येण्याजोगी इतर आंतरराष्ट्रीय संस्थांची तंत्रज्ञ-पातळीची प्रमाणपत्रे आहेत, आणि त्यांचाही पाया ४० तासांचाच आहे. एवढ्या तासांत शब्दांची ओळख होते, पण हात वळण्यासाठी अनुभवी माणसाच्या शेजारी बसून बरेच महिने काम करावे लागते.

म्हणूनच नोकरी निवडताना पगाराइतकीच चौकशी देखरेखीची करावी. माझ्या कामावर कोण देखरेख करणार, त्यांची पात्रता काय, ते आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष सत्रात येऊन बसतात, दोन मुलांच्या मध्ये नोंद लिहायला वेळ मिळतो का, पालकांना सत्र पाहू देतात का, आणि मूल स्वतःला इजा करू लागले तर येथील लेखी पद्धत काय आहे, हे प्रश्न मुलाखतीत निःसंकोच विचारावेत. पालकांना दाराबाहेर ठेवून दार आतून बंद करणारे आणि आत काय चालते ते पाहू न देणारे केंद्र कितीही नावाजलेले असले, तरी तेथे रुजू होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. काही केंद्रे सर्व मुलांना एकच छापील कार्यक्रम लावतात आणि 'सहा महिन्यांत बोलायला लागेल' अशी हमी देतात. तेथे नव्या माणसाला चुकीचे वळण लागते आणि ते पुढे मोडणे अवघड जाते.

'एबीए' पद्धतीचा इतिहास का माहीत असावा

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास एकास एक शिकवण्यात आले आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत इतर मुलांसारखी शिकू लागली, असा निष्कर्ष होता. आजही जाहिरातींमध्ये जो '४० तासां'चा आकडा दिसतो त्याचे मूळ येथे आहे. परंतु कोणत्या मुलांना हे शिक्षण द्यायचे आणि कोणत्या मुलांना तुलनेसाठी ठेवायचे, ही गटवारी त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि मोठ्याने 'नाही' म्हणणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे हे त्या पद्धतीचे घोषित भाग होते, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे शिक्षेचा वापर मागे पडला, खेळातून आणि रोजच्या व्यवहारातून शिकवण्याच्या रीती आल्या. तरीही लहानपणी या उपचारातून गेलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी नंतर लिहून-बोलून सांगितले आहे की, हात हलवणे थांबवायला लावले, डोळ्यांत बघायला भाग पाडले, थकल्यावरही उठू दिले नाही, आणि त्याचे ओझे त्यांना मोठेपणीही जाणवत राहिले.

हे आक्षेप बाहेरच्यांचे म्हणून बाजूला ठेवण्यासारखे नाहीत, कारण उद्या आपल्या समोरचे मूल मोठे होऊन तेच सांगू शकते. त्यांचा रोजच्या कामात थेट अर्थ असा होतो. मूल आनंदात किंवा ताणात हात फडफडवत असेल, गिरक्या घेत असेल, एखादा शब्द पुनःपुन्हा म्हणत असेल आणि त्यातून कोणालाही इजा होत नसेल, तर ते थांबवणे हे उद्दिष्ट असू नये. 'माझ्याकडे बघ' असा हुकूम देऊन नजर मिळवू नये, कारण अनेक स्वमग्न मुलांना नजर दुसरीकडे असतानाच नीट ऐकता येते. आणि फाइलमध्ये असे एखादे उद्दिष्ट लिहिलेले दिसले, तर ते गुपचूप वगळण्याऐवजी 'याचा मुलाला काय उपयोग होणार आहे' असे वरिष्ठांना विचारावे. नव्या माणसाने प्रश्न विचारणे उद्धटपणाचे आहे, असा समज आपल्याकडे कामाच्या ठिकाणी फार रुजलेला आहे. या क्षेत्रात त्याची किंमत मुलाला चुकवावी लागते.

पहिले दिवस: आधी ओळख, मग काम

नव्या मुलासोबतच्या पहिल्या काही सत्रांत काहीही शिकवू नये. या काळाला केंद्रांमध्ये 'पेअरिंग' म्हणतात. मुलाला जे आवडते ते आपल्याकडून, कोणतीही अट न घालता मिळत राहावे, एवढाच याचा हेतू. मूल गाडीचे चाक फिरवत बसले असेल, तर शेजारी बसून दुसऱ्या गाडीचे चाक फिरवावे. त्याला साबणाचे फुगे आवडत असतील तर फुगे काढावेत, झोपाळा आवडत असेल तर झोका द्यावा. या काळात प्रश्न विचारू नयेत, सूचना देऊ नयेत. 'हा कोणता रंग', 'गाडी कशी करते' अशी सरबत्ती मोठी माणसे प्रेमापोटी करतात, पण मुलासाठी ती परीक्षाच असते. मूल आपण आल्यावर दूर न जाता जवळ येऊ लागले, आपला हात धरून फुग्यांच्या बाटलीकडे नेऊ लागले, की पुढच्या पायरीला सुरुवात करता येते. काही मुलांना याला दोन दिवस पुरतात, काहींना महिना लागतो.

याच काळात मुलाला खरोखर काय आवडते हे पद्धतशीर तपासावे. पालकांना विचारून यादी करावी, मग दोन-दोन वस्तू समोर ठेवून मूल कोणती उचलते ते पाहावे आणि सर्व जोड्यांचे निकाल लिहून आवडीचा क्रम लावावा. हा क्रम रोज बदलतो. काल कुरमुऱ्यांसाठी धावणारे मूल आज जेवून आलेले असेल तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. केंद्रांमध्ये चॉकलेटच्या गोळ्या आणि मोबाइल ही दोनच बक्षिसे सर्रास वापरली जातात, त्याला माझा विरोध आहे. मोबाइल काढून घेताना होणारा संघर्ष त्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा असतो, आणि खाऊवर अवलंबून राहिले की मूल माणसापेक्षा डब्याकडे पाहायला शिकते. गुदगुल्या, उंच उचलणे, चादरीत गुंडाळून झुलवणे, आवडते गाणे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणे यांत दुसरे माणूस लागतेच, म्हणून ती बक्षिसे शिकवण्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत. अर्थात स्पर्श आवडणाऱ्या मुलालाच गुदगुल्या कराव्यात, आणि त्याने हात ढकलला की तत्क्षणी थांबावे.

प्रत्यक्ष शिकवताना

टेबलाशी बसून शिकवण्याची जी मूळ रीत आहे, तिच्यात प्रत्येक प्रयत्नाला सुरुवात आणि शेवट असतो. आधी मुलाचे लक्ष आहे याची खात्री करावी, मग एकदाच, थोडक्या शब्दांत सूचना द्यावी. उदाहरणार्थ, समोर पेला आणि चमचा ठेवून 'पेला दे' एवढेच म्हणावे. मुलाने तीन-चार सेकंदांत पेला दिला तर लगेच कौतुक आणि आवडीची गोष्ट द्यावी; दिला नाही तर मदत करावी; मग क्षणभर थांबून पुढचा प्रयत्न सुरू करावा. नव्या थेरपिस्टकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे 'पेला दे, पेला, पेला कुठाय, दे ना रे बाळा' अशी सूचनांची माळ. पाचव्या वेळी दिलेल्या प्रतिसादाला बक्षीस मिळाले, की पहिल्या चार सूचना ऐकण्याची गरज नाही हेच मूल शिकते.

मदतीला सर्वजण 'प्रॉम्प्ट' म्हणतात. हाताला हात धरून करवून घेणे, कोपराला हलका स्पर्श करणे, स्वतः करून दाखवणे, बोटाने दाखवणे, शब्दाने सुचवणे, अशा तिच्या उतरत्या पायऱ्या आहेत. नवीन कौशल्य शिकवताना चूक होण्यापूर्वीच पुरेशी मदत द्यावी आणि ती दररोज थोडी थोडी कमी करत जावी. मदत देणे सोपे असते, काढून घेणे कठीण, आणि ती वेळेवर काढली नाही तर मूल आपल्या बोटाकडे पाहिल्याशिवाय हलतच नाही. हात धरून करवून घेण्याविषयी मात्र विशेष जपावे. मूल हात सोडवून घेत असताना जबरदस्तीने करवून घेतलेली कृती शिकवणे या शब्दाला पात्र नाही. अशा वेळी थांबावे, काम सोपे करावे किंवा करून दाखवण्याच्या मदतीकडे वळावे, आणि हात ओढल्याची नोंद करावी.

रोजच्या जगण्यातील कौशल्ये लहान टप्प्यांत तोडून शिकवली जातात. चड्डी घालणे हे आपल्याला एक काम वाटते, पण त्यात चड्डी सुलट धरणे, एक पाय घालणे, दुसरा घालणे, गुडघ्यापर्यंत ओढणे, उभे राहणे आणि कमरेपर्यंत ओढणे असे टप्पे आहेत. अशा कामासाठी उलट्या क्रमाने शिकवणे मला जास्त परिणामकारक वाटते. सुरुवातीला सर्व टप्पे आपण करून द्यायचे आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओढण्याचा शेवटचा टप्पा मुलाने करायचा. तो जमला की त्याच्या आधीचा टप्पा मुलाकडे द्यायचा. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचे समाधान मुलालाच मिळते. हात धुणे, वरणभात कालवून हाताने खाणे, पाण्याचा पेला स्वतः भरून घेणे हेही अशाच रीतीने शिकवता येते, आणि घरच्यांच्या दृष्टीने वीस रंग ओळखण्यापेक्षा याचे मोल अधिक असते.

टेबलावर आलेले कौशल्य टेबलावरच राहते, ही या पद्धतीची खरी कमजोरी आहे. म्हणून 'दे', 'अजून', 'उघड', 'मदत' यांसारख्या मागण्या जेथे गरज पडते तेथेच शिकवाव्यात. आवडीची वस्तू पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, मूल बरणी आपल्याकडे आणेल तेव्हा 'उघड' हा शब्द, खूण किंवा चित्र शिकवावे आणि तत्काळ बरणी उघडावी. बोलणे आलेच पाहिजे असा हट्ट नसावा. चित्र देऊन मागणे, हाताने खूण करणे, टॅबलेटवरचे बटण दाबणे हीसुद्धा भाषाच आहे, आणि अशी साधने दिल्याने मुलाचे बोलणे मागे पडते ही भीती संशोधनात टिकलेली नाही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांवर आधारित संवादाचे मोफत अॅप मराठीतही वापरता येते. ते पालकांना दाखवण्यासारखे आहे, मात्र कोणते साधन निवडावे हे वाचा-उपचारतज्ज्ञासोबत ठरावे.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार येतो. घरी मराठी, केंद्रात इंग्रजी, शेजारी हिंदी, आणि 'एकच भाषा बोला' हा सल्ला ऐकून आजीने नातवाशी बोलणेच कमी केलेले, अशी घरे पाहायला मिळतात. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास मंदावतो असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. मुलाला ज्यांच्याकडून पाणी मागायचे आहे त्यांची भाषा त्याला यायला हवी, म्हणून फाइलमध्ये 'वॉटर' लिहिलेले असेल आणि घरात 'पाणी' म्हणत असतील, तर ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणून द्यावी.

मागण्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे नकार शिकवणे. 'नको', 'थांब' आणि 'संपलं' यांसाठी मुलाला शब्द किंवा खूण द्यावी आणि सुरुवातीच्या काळात ती प्रत्येक वेळी मानावी. नावडता पदार्थ पुढे करून मुलाने तो हाताने ढकलण्यापूर्वीच 'नको'ची खूण करून दाखवावी आणि पदार्थ लगेच मागे घ्यावा. काही पालकांना आणि काही शिक्षकांनाही यातून मूल लाडावेल असे वाटते. प्रत्यक्षात ज्याच्या खुणेने गोष्ट थांबते त्या मुलाला चावण्याची, ओरबाडण्याची गरज उरत नाही. शिवाय जे मूल मोठ्यांच्या प्रत्येक स्पर्शाला आणि हुकमाला मान तुकवायला शिकते, ते गैरवर्तन करणाऱ्या माणसालाही नकार देऊ शकत नाही, ही बाब प्रत्येक थेरपिस्टने गंभीरपणे लक्षात घ्यावी.

कठीण वर्तन समोर आल्यावर

मूल वस्तू फेकते, डोके आपटते, चावते, तेव्हा 'हट्टी आहे' हा शब्द नोंदवहीत लिहू नये. आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि नंतर काय झाले, या तीन रकान्यांत लिहावे. समजा, चार वर्षांचा मुलगा कोडे समोर आले की तुकडे फेकतो. नोंद अशी असावी: 'सकाळी ११:१०, तिसरे कोडे समोर ठेवले, सहा तुकडे जमिनीवर फेकले, टेबलाखाली गेला, मी तुकडे गोळा केले, दोन मिनिटे काम थांबले.' अशा दहा-बारा नोंदी एकत्र वाचल्यावर दिसते की फेकल्यानंतर दर वेळी काम थांबते. म्हणजे त्याचे फेकणे 'हे कठीण आहे, मला सुटका हवी' असे सांगते आहे. सुटका हवी असणे, लक्ष हवे असणे, वस्तू हवी असणे आणि शरीराला त्यातून काही मिळणे ही चार कारणे सर्वसाधारणपणे तपासली जातात. येथे उपाय म्हणजे कोडे सोपे करणे आणि 'मदत' किंवा 'थांब' ही खूण फेकण्यापूर्वीच करवून तिला ताबडतोब प्रतिसाद देणे. अशाच विचारावर आधारलेला, त्रासदायक वर्तनाच्या जागी संवादाचे साधन देण्याचा मार्ग एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये मांडला, आणि तो आजही सर्वाधिक विश्वासाने वापरला जातो.

कारण शोधण्यापूर्वी शरीर तपासावे. अचानक वाढलेले डोके आपटणे दातदुखी, कानातील संसर्ग किंवा बद्धकोष्ठतेमुळे असू शकते, आणि बोलता न येणारे मूल ते सांगू शकत नाही. झोप झाली होती का, शी झाली का, नवे औषध सुरू झाले का, हे पालकांना रोज दारातच विचारावे. आवाजांचाही विचार करावा: मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारच्या बांधकामाचे ड्रिल, गणपतीच्या दिवसांतील ढोलताशा आणि दिवाळीतले फटाके यांनी काही मुलांचा पूर्ण दिवस बिघडतो. अशा दिवशी अपेक्षा कमी कराव्यात, कान झाकणारे हेडफोन द्यावेत आणि नोंदीत कारण लिहावे.

एखाद्या वर्तनाकडे लक्ष न देण्याचा, म्हणजे त्याला मिळणारा लाभ बंद करण्याचा कार्यक्रम वरिष्ठांनी दिला असेल, तर ते वर्तन कमी होण्यापूर्वी काही काळ वाढू शकते. याची कल्पना नसलेला नवा माणूस घाबरून मध्येच नमते घेतो, आणि मग त्या वाढलेल्या वर्तनालाच लाभ मिळतो. म्हणून असा कार्यक्रम स्वतःहून कधीही सुरू करू नये, आणि इजेची शक्यता असल्यास वरिष्ठ समोर असल्याशिवाय राबवू नये. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. मूल काही मिळवण्यासाठी रडते तेव्हा अधूनमधून आपल्याकडे पाहते. आवाज, प्रकाश किंवा थकव्याने पूर्ण कोलमडलेले मूल कोणाकडेही पाहत नाही. दुसऱ्या स्थितीत शिकवणे शक्य नसते. दिवे मंद करावेत, बोलणे बंद करावे, आसपासच्या कठीण वस्तू हलवाव्यात आणि मूल शांत होईपर्यंत थोड्या अंतरावर बसावे. मुलाला बांधून ठेवणे, अंधाऱ्या खोलीत बंद करणे, जेवण रोखणे किंवा मारणे कोणत्याही सबबीखाली मान्य नाही.

नोंद

दहा प्रयत्नांपैकी सहा मुलाने स्वतः केले आणि चार मदतीने, तर नोंद ६० टक्के अशीच व्हावी. 'जवळजवळ आलेच होते' म्हणून सातवे चिन्ह देण्याचा मोह दयेपोटी होतो, पण त्यामुळे तज्ज्ञ मुलाला पुढच्या पायरीवर नेतात आणि तेथे मूल अडते. अनेक केंद्रांत ८० टक्के किंवा त्याहून अधिक यश सलग काही सत्रांत आणि दोन वेगळ्या माणसांसोबत दिसल्यावरच कौशल्य आले असे मानतात. नोंद प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच करावी. सत्र संपल्यावर आठवून भरलेला तक्ता निरुपयोगी असतो. किती वेळा, किती वेळ, आणि सूचनेनंतर किती सेकंदांनी, यांपैकी काय मोजायचे हे वर्तनानुसार ठरते. डोके आपटणे 'किती वेळा' असे मोजतात, रडणे मिनिटांनी. आठवडाभर आलेख सपाट राहिला, तर मूल शिकत नाही असे न म्हणता शिकवण्यात काय बदलायचे हे विचारावे.

पालक आणि घर

पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'ताई, हा बोलेल ना?' असा असतो. खोटी आशा देऊ नये आणि आशा मोडूही नये. 'ते मला सांगता येणार नाही, त्यासाठी मॅडमशी बोलूया. पण या आठवड्यात त्याने चार वेळा स्वतःहून "अजून"ची खूण केली' असे पाहिलेले तेवढेच सांगावे. आईच्या नोकरीमुळे, गरोदरपणातील एखाद्या गोष्टीमुळे किंवा लसीमुळे असे झाले, हे आप्तांचे बोलणे अनेक माता ऐकत असतात. लसीमुळे स्वमग्नता होत नाही हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे, आणि संगोपनातील उणिवेमुळेही ती होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायला कचरू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ओळखपत्र काढण्याविषयी पालकांनी विचारले, तर त्यांना जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. मुलाचे छायाचित्र किंवा चित्रफीत पालकांच्या लेखी संमतीविना काढू नये, आणि आपल्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर तर संमती असतानाही टाकू नये.

घरी जाऊन सत्र घेत असाल, तर घरातील कोणीतरी मोठे माणूस हजर असावे असा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. तो मुलाच्या आणि आपल्याही संरक्षणासाठी आहे. आजी भरवत असताना मूल स्वतः खात नाही, असे दिसले तर आजीला चुकीचे ठरवू नये. शेवटचे दोन घास त्याच्या हाताने घेऊ द्या, एवढीच विनंती करावी.

सुरक्षितता

अनेक स्वमग्न मुले एका क्षणात दाराबाहेर पळतात, आणि रस्ता, विहीर व पाण्याची टाकी यांचा धोका मोठा असतो. म्हणून खोलीत आपण दाराच्या बाजूला बसावे आणि दार उघडे राहिले तर पहिल्यांदा ते बंद करावे. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, वेळ पाहावी, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला तर लगेच रुग्णालयात न्यावे.

मुलाच्या अंगावर न उलगडणारे वळ दिसले, किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर गप्प राहण्याची मुभा कोणालाही नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. केंद्रप्रमुखांना सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावरही संपर्क साधता येतो.

या पायरीवरची माणसे बरेचदा वर्ष-दीड वर्षात दुसरीकडे जातात, त्यामुळे मूल दुसऱ्याकडे सोपवण्याची वेळ येते. तेव्हा निदान दोन आठवडे आधी नव्या थेरपिस्टला सत्रात बसवावे, आपण हळूहळू मागे सरावे, आणि कोणत्या दिवसापासून आपण येणार नाही हे मुलाला चित्रांच्या तक्त्यावर दाखवावे. फाइलमध्ये आलेख आणि उद्दिष्टे असतातच. त्यासोबत एका पानावर या मुलाच्या खास खुणा लिहून द्याव्यात: कान चोळला की थकला आहे, बोटे तोंडात घातली की पाणी हवे, आणि मान डावीकडे वळवून गप्प बसला तर त्याचा अर्थ नको.